गोतसभा आणि अल्पवयीन अपराधी

समजा, नागपूरच्या कळमना बाजारांत एका चौदा वर्षांच्या मुलानें एखाद्या शेतकऱ्याचे संत्र्यांच्या विक्रीचे पैसे लांबविले. मुलगा पकडला गेला, चौकशी झाली, निकालही लागला. परंतु ज्याची हंगामाची कमाई गेली तो आणि ज्यानें ती नेली तो, हे दोघे एकमेकांशीं एक शब्दही न बोलतां आपापल्या वाटेनें गेले. न्याय झाला खरा. पण तो कोणाचा, असा प्रश्न आम्हांस पडतो.

मराठेशाहींत गांवचा तंटा गोतसभेपुढें येई. पाटील, कुळकर्णी, मिराशी, बलुतेदार एकत्र बसत. निवाडा मान्य करण्याचा राजीनामा दोन्ही पक्ष आधींच लिहून देत. महजरावर कुणबी नांगराची, बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करीत. हरणारा येजितखत लिहून देई. त्यांतील बहुतेक वाद वतनाचे असत, हें खरें. पण जातिसभेपुढें अपराध आला म्हणजे तेथेंही कबुली, प्रायश्चित्त आणि शेवटीं पंक्तीस घेणें, असा क्रम असे. शिक्षेचा शेवट पंगतीनें होई, ही गोष्ट आम्हांस मोलाची वाटते.

तथापि या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचें कारण नाहीं. जी सभा पंक्तीस घेई तीच वाळींतही टाकी. आणि गांवकुसाबाहेरच्या माणसाच्या शब्दास तेथें सारखें वजन नव्हतें.

इंग्रजी अमदानींत अपराध हा सरकारचा वाद झाला. मुलांसाठीं मात्र निराळी वाट निघाली. १८९७ सालीं सुधारशाळांचा कायदा झाला, आणि नागपूर ज्याची राजधानी होतें त्या मध्यप्रांतानें १९२८ सालीं मुलांसाठीं स्वतंत्र कायदा केला. मुलें तुरुंगापासून वांचूं लागलीं, हा मोठाच लाभ. पण ज्याचें नुकसान झालें तो केवळ साक्षीदार उरला.

भेटीची ही बुजलेली वाट पुन्हां उघडली ती फार दूर. १९७४ सालीं कॅनडांतील एल्मायरा गांवीं दोन तरुणांनीं एका रात्रींत २२ ठिकाणीं नासधूस केली. देखरेख अधिकाऱ्यांच्या सूचनेवरून न्यायाधीशानें त्यांस नुकसान झालेल्यांच्या दारीं पाठविलें. त्यांनीं दारोदार जाऊन अपराध कबूल केला आणि कांहीं महिन्यांत भरपाईही चुकती केली. पुढें न्यूझीलंडनें माओरी समाजाच्या रीतीपासून बोध घेऊन १९८९ च्या कायद्यानें कुटुंब व पीडित यांच्या बैठकीस न्यायांत स्थान दिलें.

आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या १८ व्या कलमांत समज, समुपदेशन, समाजसेवा, दंड इत्यादि मार्ग सांगितले आहेत. पीडितासमोर बसण्याचा मार्ग त्या यादींत नाहीं. तो असावा, असें आमचें मत आहे. मात्र मध्यस्थ तटस्थ व शिकविलेला हवा, जातपंचायत नव्हे. आणि पीडिताची राजीखुशी ही पहिली अट हवी. क्षमा मागतां येते, वसूल करतां येत नाहीं. अपराध्याचें तोंडही पाहूं नये असें कोणास वाटलें, तर तो त्याचा हक्कच होय.

परंतु त्या शेतकऱ्यास विचारावेंसें वाटलें, 'या पैशांत माझ्या लेकीची फी होती, हें तुला ठाऊक होतें काय?' तर त्याचें उत्तर कोणतेंही सुधारगृह देऊं शकणार नाहीं. तें त्या मुलानेंच द्यावयास हवें. आणि तें देण्याची जागा आपण त्याला करून द्यावयास हवी.