मारिया कॅलस यांची जुनी रेकॉर्डिंग्ज आजही का ऐकली जातात?

'बेल कांटो' म्हणजे इटालियन भाषेत 'सुंदर गायन'. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात रोसिनी, बेलिनी आणि डोनिझेत्ती यांच्या ऑपेरांमध्ये ही शैली बहरली. दमसासाची परीक्षा पाहणाऱ्या सुरावटी आणि वेगवान ताना ही तिची ओळख. पुढे मात्र यातले बरेच ऑपेरा मागे पडले आणि ताना म्हणजे निव्वळ गळ्याची कसरत, असा समज रुजला.

तो बदलण्यात मारिया कॅलस (१९२३-१९७७) यांचा मोठा वाटा आहे. जानेवारी १९४९मध्ये व्हेनिसला त्या वाग्नरच्या ऑपेरात भारदस्त आवाजाची भूमिका गात होत्या. तेवढ्यात दुसरी गायिका आजारी पडली आणि बेलिनीच्या 'इ पुरितानी'मधली नाजूक एल्विरा कॅलस यांनी काही दिवसांत शिकून गायली. त्याच वर्षी त्यांनी एल्विराच्या वेडाच्या प्रसंगातलं गाणं रेकॉर्ड केलं. त्यातल्या उतरत्या ताना हुंदक्यांसारख्या वाटतात.

कुठून सुरुवात कराल? 'नोर्मा'मधलं 'कास्ता दीवा' १९५४ आणि १९६०च्या रेकॉर्डिंगमध्ये लागोपाठ ऐका. दुसऱ्यात आवाज थकलाय, वरचे सूर थरथरतात. तरी नोर्माचं दुःख तुमच्यापर्यंत पोहोचतंच.