सामन्यात वापरलेली जर्सी (संग्रहवस्तू)

प्रत्यक्ष सामन्यात खेळाडूच्या अंगावर असलेली जर्सी. दुकानात मिळणारी प्रतिकृती किंवा खेळाडूसाठी शिवलेली, पण मैदानात न उतरलेली जर्सी हिच्यात मोडत नाही. जर्सीवर सही असली, तरी ती अंगात घातली होती हे सहीने सिद्ध होत नाही. नवख्या संग्राहकाची फसगत बहुधा इथेच होते.

या संग्रहाची पद्धत घडवण्यात उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीचा मोठा वाटा आहे. जर्सी जाणकाराच्या हाती आली की तो आधी डाग शोधतो: रबरी चकतीचा काळा ठसा, काठीवरच्या चिकटपट्टीचे ओरखडे, कठड्यावर आदळल्याने पोळलेले सूत, घाईत घातलेले टाके. पाठीमागे आत एक पट्टा असतो. हाणामारीत जर्सी डोक्यावरून ओढली जाऊ नये, म्हणून तो विजारीला अडकवतात. मग सामन्याची छायाचित्रे काढून जाळीदार कापडाची छिद्रे आणि आकड्याची कड कुठे जुळतात ते पाहतात. ही जुळणी बोटाच्या ठशासारखी असते. 1972 च्या कॅनडा-सोव्हिएत मालिकेत पॉल हेंडरसन यांनी निर्णायक गोल केला. तेव्हाची त्यांची जर्सी 2010 मध्ये दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली.

महाराष्ट्रात हे वेड क्रिकेटचे. पुण्याच्या सहकारनगरातील ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे रोहन पाटे यांचे संग्रहालय 2012 मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या हस्ते सुरू झाले. पाकिस्तानच्या अझर अली यांनी 2020 मध्ये कोरोनाग्रस्तांसाठी आपली त्रिशतकाची बॅट लिलावात काढली, ती याच संग्रहालयाने दहा लाख पाकिस्तानी रुपयांना घेतली. त्याच लिलावातली त्यांची 2017 च्या चॅम्पियन्स करंडक अंतिम सामन्यातली जर्सी मात्र कॅलिफोर्नियाला गेली.

कसोटीचे पांढरे कपडे ओळखणे सर्वांत अवघड, कारण त्यांवर नाव आणि क्रमांक आले ते 2019 मध्ये. छत्रपती संभाजीनगरचे (तेव्हाचे औरंगाबाद) इक्बाल सिद्दिकी यांनी एकमेव कसोटी खेळली, डिसेंबर 2001 मध्ये मोहालीत, इंग्लंडविरुद्ध. हा वेगवान गोलंदाज दुसऱ्या डावात सलामीला उतरला आणि विजयाच्या पाचही धावा त्यानेच काढल्या. अशा सामन्यातले कपडे ओळखायचे, तर मांडीवर घासलेल्या चेंडूची लाली आणि कोपरावरचा गवताचा हिरवा डाग एवढाच आधार उरतो. एकदा साबण लागला की तोही जातो. मराठवाड्याच्या क्रीडा-इतिहासाचे असे कितीतरी पुरावे धुण्याच्या बादलीत गेले असणार, ही हळहळ वाटण्याजोगीच गोष्ट आहे.

जपणूक : घामातल्या क्षारांनी सूत कालांतराने कमकुवत होते, तरीही संग्राहक डाग धूत नाहीत. बंद प्लास्टिक पिशवीत दमटपणा कोंडून बुरशी धरते. धुतलेल्या मांजरपाटात सैल गुंडाळून कपडा अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावा. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात वा आसपास कोणाच्या घरी जुन्या रणजी किंवा विद्यापीठ संघाचा शर्ट असेल, तर तो धुऊ नये. सामना, तारीख आणि तो कोणाकडून आला हे कागदावर लिहून, त्या सामन्याच्या छायाचित्रासह त्याच्यासोबत ठेवावे.