व्हायरसचा इतिहास आणि माझा एक पेनड्राइव्ह

माझ्या टेबलाच्या खणात एक जुना पेनड्राइव्ह आहे. त्यात पंडित भीमसेन जोशींचे अभंग आहेत. ते मी आजवर एकदाही लावलेले नाहीत. अभंग आवडत नाहीत असं नाही, पण ज्या जागेवर ते भरले गेले तिथं पूर्वी काय होतं हे आठवलं की हात मागे येतो. आज त्याबद्दल लिहायचं आहे, आणि त्यानिमित्तानं काँप्युटरच्या व्हायरसबद्दलही. चौतीस वर्षं इतिहास शिकवण्यात गेल्यामुळे कुठल्याही गोष्टीचं 'केव्हा, कोणी आणि का' पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिक्षक होतो. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार जिथं चाललं तो हा मुलूख. पुढाऱ्यांची नावं पुस्तकांत आहेत. पण रात्री भाकरी कोणी पोचवली, निरोप कोणी नेला, पोलीस आल्यावर कणगीत कोणाला लपवलं, हे सांगणारी माणसं गावागावांत होती. सुट्टीत सायकलवरून हिंडून मी अशा अकरा जणांकडून ऐकलं आणि सहा वह्या भरल्या. २००४ साली मुलानं घरी काँप्युटर घेऊन दिला तेव्हा मराठी टायपिंग शिकलो आणि तीन वर्षांत त्या सहाही वह्या टाइप केल्या. घराला रंग काढला तेव्हा वाळवी लागलेल्या वह्या रद्दीत दिल्या. 'काँप्युटरमध्ये आहे ना सगळं!' हे माझंच वाक्य. जुनी कागदपत्रं रद्दीत जाऊ नयेत म्हणून इतिहासाचार्य राजवाडे कसे दारोदार फिरले, हे मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो होतो, हे विशेष.

पुढं काँप्युटर बदलला तेव्हा ते सगळं पेनड्राइव्हवर घेतलं आणि तिथंच ठेवलं. २०१० साली दिवाळी अंकासाठी एक लेख छापून घ्यायला तो पेनड्राइव्ह मी एका डीटीपीच्या दुकानात नेला. घरी येऊन लावला तर सगळ्या फोल्डरांच्या चित्रावर छोटासा बाण, क्लिक केलं तर उघडेना, आणि आकार पाहिला तर एक-दोन केबी. सहा वह्यांचं ओझं दोन केबीत! मी घाबरलो. तसाच उठून एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं व्हायरस आहे म्हणून सांगितलं आणि विचारलं, "काका, आत काही महत्त्वाचं आहे का?" मी म्हणालो, "होतं. आता काही राहिलं नाही. ती पीडा काढून टाक." त्यानं पेनड्राइव्ह फॉरमॅट केला आणि रिकामा कशाला नेता म्हणून आपुलकीनं त्यावर अभंग भरून दिले. पैसेही घेतले नाहीत.

आता थोडा इतिहास.

१९८२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात रिच स्क्रेंटा नावाचा पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. मित्रांच्या गेमच्या फ्लॉपींमध्ये खोड्या करून ठेवायचा. मित्र शहाणे झाले, फ्लॉपीला हात लावू देईनात. तेव्हा त्यानं 'एल्क क्लोनर' लिहिला. हा प्रोग्रॅम अ‍ॅपल-टू काँप्युटरच्या मेमरीत बसून राही आणि पुढं जी फ्लॉपी घालाल तिच्यावर आपली नक्कल करी. म्हणजे हात न लावता खोडी. अशा फ्लॉपीवरून पन्नासाव्यांदा काँप्युटर सुरू केला की पडद्यावर एक कविता येई, एवढंच. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात फ्रेड कोहेन या विद्यार्थ्यानं असल्या प्रोग्रॅमचा रीतसर अभ्यास सुरू केला आणि त्याचे मार्गदर्शक लिओनार्ड एडलमन यांनी त्याला 'व्हायरस' हे नाव सुचवलं. प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्रॅम तयार होऊच शकत नाही, हे कोहेननं तेव्हाच गणितानं दाखवलं. अँटिव्हायरस विकत घेतला म्हणजे निर्धास्त झालो असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी 'ब्रेन' लिहिला. आयबीएम पीसीवरचा हा पहिला व्हायरस मानतात. आपल्या सॉफ्टवेअरची चोरटी नक्कल कोण करतं ते पाहण्यासाठी तो लिहिला, असं ते सांगत. गंमत म्हणजे त्यात त्यांनी स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातले होते. फिनलंडचे तज्ज्ञ मिको हिप्पोनेन २०११ साली तो पत्ता शोधत लाहोरला गेले, तर दोघं भाऊ तिथंच भेटले! चोर घरात शिरून आपलं कार्ड ठेवून गेला, असा तो काळ.

पण माझ्या गोष्टीशी थेट नातं आहे ते १९८९ च्या डिसेंबरमधल्या घटनेचं. एड्सविषयी माहिती देणाऱ्या म्हणून सुमारे वीस हजार फ्लॉपी पोस्टानं निरनिराळ्या देशांतल्या लोकांना गेल्या. त्यामागं जोसेफ पॉप नावाचे अमेरिकन संशोधक होते. काँप्युटर नव्वद वेळा सुरू झाला की हा प्रोग्रॅम फोल्डर लपवी, फाईलींची नावं सांकेतिक करून टाकी आणि पनामातल्या एका पोस्टबॉक्सवर १८९ डॉलर पाठवा म्हणे. आजच्या खंडणीखोर व्हायरसचा हा आजा. मात्र फाईलींच्या आतला मजकूर तो बदलत नव्हता. नावं आणि फोल्डर पूर्ववत करणारे प्रोग्रॅम थोड्याच दिवसांत तयार झाले आणि फुकट वाटलेही गेले. पण तोवर काहींनी भीतीपोटी आपापल्या डिस्क पुसून टाकल्या होत्या. काम गेलं ते पुसण्यानं.

हे मी वाचलं २०१३ नंतर. का, ते पुढं येईलच.

आपल्याकडेही नव्वदच्या दशकात फ्लॉपीबरोबर व्हायरस घरोघर, दुकानोदुकानी पोचले. आमच्याच जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, पुढं काँप्युटर दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या काँप्युटरांत व्हायरस सापडत. काँप्युटर शिकणारा धाकटा भाऊ संजय ते काढण्याचे प्रोग्रॅम लिहू लागला. त्यातून १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' बाजारात आलं. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारातही गेली. दुरुस्तीच्या टेबलावर सुरू झालेला हा धंदा आहे, याचं मला कौतुक वाटतं.

मग इंटरनेट आलं. ४ मे २००० रोजी फिलिपाईन्समधून 'आय लव्ह यू' हा व्हायरस निघाला. ईमेलला जोडलेली फाईल प्रेमपत्रासारखी दिसे. नावाचा शेवटचा तुकडा विंडोज लपवत असल्यानं साधा मजकूर वाटे, प्रत्यक्षात तो प्रोग्रॅम होता. उघडला की तो तुमच्या ईमेलमधल्या ओळखीच्या सगळ्यांना तुमच्याच नावानं पत्र धाडी, फोटोंच्या फाईलींवर स्वतःला लिहून ठेवी आणि पासवर्ड चोरायची सोयही करी. लिहिणारा तरुण सापडला, पण तिथं त्याविरुद्ध कायदाच नव्हता म्हणून तो सुटला. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला अमलात आला, त्यात व्हायरसचा स्पष्ट उल्लेख आहे.

इथून पुढं काळ बदलला. कविता दाखवणारे, पत्ता देणारे व्हायरस गेले आणि गप्प बसून पाहणारे 'स्पायवेअर' आले. फुकटचा खेळ, गाणी उतरवून घेण्याचा प्रोग्रॅम, ब्राउझरवरची जादा पट्टी... यांच्याबरोबर हे घुसत आणि आपण कुठल्या साईटवर जातो ते दुसऱ्याला कळवत. बड्या कंपन्याही यात मागे नव्हत्या. २००५ साली सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या काही सीडी काँप्युटरला लावल्या की विंडोजमध्ये स्वतःला लपवणारा प्रोग्रॅम बसे, हे मार्क रुसिनोविच यांनी उघड केलं. ओरड झाली आणि कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. म्हणजे दाम मोजून आणलेली सीडीसुद्धा!

एल्क क्लोनरपासून इथपर्यंत पाहिलं तर यातलं बहुतेक सगळं विश्वासाच्या वाटेनं आलं. मित्राची फ्लॉपी, पोस्टानं आलेली माहिती, ओळखीच्याचं पत्र, नामांकित कंपनीची सीडी. माझ्याकडे आलं तेही रोजच्या दुकानातून.

आता २०१३. माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. शेजाऱ्यांच्या पेनड्राइव्हला नेमकं तेच झालं होतं, तोच बाण, तेच दोन केबी. म्हटलं, "गेलं रे सगळं त्यांचं." तो म्हणाला, "नाही सर, काही जात नाही." त्यानं काळ्या खिडकीत 'अ‍ॅट्रिब'ची एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं, आणि शेजाऱ्यांचे सगळे फोल्डर जिथल्या तिथं दिसू लागले. मग त्यानं समजावलं. हा व्हायरस खरे फोल्डर नुसते लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढं ठेवतो. शॉर्टकट दाबला की आधी व्हायरस चालतो. घरच्या अँटिव्हायरसनं व्हायरसची फाईल काढून टाकली की शॉर्टकट उघडत नाही आणि माणसाला वाटतं सगळं गेलं. पेनड्राइव्हची किती जागा भरलेली आहे एवढं पाहिलं असतं तरी कळलं असतं.

मी काही बोललो नाही. बायकोनं चहा आणून ठेवला, तो निवला. व्हायरसनं माझी अकरा माणसं नुसती लपवली होती, घालवली ती मी. नुसता फॉरमॅट केला असता तरी जाणकाराला काही परत काढता आलं असतं, पण वर अभंग भरले गेले आणि तोही मार्ग संपला.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. ते नवे नाहीत, पण प्रत्येकामागं एक घटना आहे म्हणून ते पटतात. अपडेट आलं की टाळत नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय'नं इंग्लंडमधल्या इस्पितळांपर्यंत हाहाकार केला, त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिला होता. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हा जुनी यंत्रं वापरणाऱ्यांनी विचार करावा. अँटिव्हायरस एकच ठेवतो. आताच्या विंडोजमध्ये तो आधीपासून असतो, दोन ठेवले तर ते एकमेकांतच भांडतात. फोनवरून कोणी 'तुमच्या काँप्युटरमध्ये व्हायरस आहे, मी सांगतो ते उतरवून घ्या' म्हणालं तर फोन ठेवतो. फसवणूक झालीच तर १९३० हा सरकारी नंबर भिंतीवर लिहून ठेवला आहे.

आणि सगळ्यात मोठा नियम, प्रत. एक काँप्युटरवर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, जी काम झालं की काढून कपाटात जाते, आणि एक मुलाकडे दुसऱ्या गावी. संशय आला तर काहीही पुसण्याआधी जाणत्याला विचारायचं. घाई नाही.

त्या अकरांतल्या एक आजी २०१३ मध्ये हयात होत्या. दहा-अकरा वर्षांच्या असताना वैरणीच्या भाऱ्यात भाकरी लपवून त्या रानात नेत. मी पुन्हा वही घेऊन गेलो. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, न कंटाळता. पण भाकरी घेणाऱ्या दोघांची नावं, जी त्यांनी मला पहिल्या वेळी सांगितली होती, ती काही केल्या आठवेनात. "मास्तर, तुम्ही लिहून घेतली होती की," म्हणाल्या.

त्या वहीच्या आज तीन प्रती आहेत. दोन नावांची जागा तिन्हींत कोरी आहे.