पदर आला म्हणजे वाढ संपली काय?

धाराशिवकडील खेड्यांत मुलगी वयांत आली कीं ‘तिला पदर आला’ असें म्हणण्याची रीत जुनी आहे. न्हाण आलें, आतां सासरीं धाडण्यास हरकत नाहीं, हा हिशेब त्या एका खुणेवर बसविलेला असे. याच खुणेवरून महाराष्ट्रांत एकदां मोठें रण माजलें होतें.

१८८४ सालीं बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाहावरील टिपणें प्रसिद्ध केलीं. पुढें कलकत्त्यास फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची विवाहित बालिका पतीच्या समागमानें दगावली, आणि १८९१ सालीं संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर नेणारा कायदा झाला. सरकारनें धर्मांत हात घालूं नये, म्हणून टिळकांनीं विरोध केला. गर्भाधान लांबविण्यास शास्त्राधार आहे, असें भांडारकरांनीं दाखविलें. स्त्री-डॉक्टरांनीं दुखापतींचीं उदाहरणें सरकारपुढें मांडलीं. परंतु ऋतुप्राप्तीनंतरही शरीर कशाच्या बळावर वाढतें, हें सांगणारें शास्त्र तेव्हां जन्मासच आलें नव्हतें.

‘हार्मोन’ हा शब्दच लंडनच्या स्टार्लिंगनें १९०५ सालीं रूढ केला. १९२१ सालीं कॅलिफोर्नियांत इव्हान्स व लाँग यांनीं पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोंचून उंदीर बेसुमार वाढविले. १९२९ मध्यें स्त्रीबीजकोशाचें हार्मोन शुद्ध रूपांत हातीं आलें. योगायोग असा कीं, हरविलास शारदा यांचा बालविवाह-प्रतिबंधक कायदा त्याच वर्षीं संमत झाला.

या हार्मोनची, म्हणजे इस्ट्रोजेनची, करणी मोठी चमत्कारिक आहे. प्रारंभीं तें थोडें असतें, तेव्हां वाढीच्या हार्मोनास जोर देऊन मुलीस झपाट्यानें उंच करतें. पुढें त्याचें प्रमाण वाढलें म्हणजे तेंच हाडांच्या टोंकांजवळील कूर्चा मिटवून उंची थांबवितें. मुलांच्याही हाडांत हें काम इस्ट्रोजेनच करतें, हें १९९४ सालीं एका रुग्णावरून स्पष्ट झालें. श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, न्हाण ही या क्रमांतील मधली पायरी होय. त्यानंतरही मुलगी कांहीं बोटें उंच होते, आणि प्रसूतीचा मार्ग ज्या हाडांतून जातो, त्यांची वाढ उंचीच्याही मागून चालते.

शारदा कायद्यानें मुलीस १४ व मुलास १८ वर्षें ठरविलीं; पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. सोलापूर व बार्शी त्या हद्दींत. तुळजापूर व धाराशिव निजामाच्या राज्यांत. अर्ध्या दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर कायदा बदले. निजामी १९४८ च्या सप्टेंबरांत संपली, आणि १९७८ च्या दुरुस्तीनें मुलीचें वय १८ व मुलाचें २१ झालें.

आजही या जिल्ह्यांतून ऊसतोडीस कुटुंबें जातात. त्या धंद्यांत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीवर मिळते, म्हणून लग्नें लवकर उरकलीं जातात. अशा जोडींतील सोळा वर्षांची मुलगी डोक्यावर उसाची मोळी घेते, तेव्हां तिच्या कमरेचीं हाडें अजून पुरतीं पक्कीं झालेलीं नसतात.