रक्तातील ‘पू’ ते उत्परिवर्तित मूलपेशी : दाह आणि रक्तकर्करोग यांच्या नात्याचा इतिहास

प्रस्तावना

वैद्यकशास्त्रातील काही वाद एका पक्षाच्या विजयाने संपले असे मानले जाते. परंतु पुढील संशोधन त्या निकालाचा पुनर्विचार करावयास लावते. ल्युकेमिया हा दाहाचा परिणाम की रक्ताचा स्वतंत्र विकार, हा एकोणिसाव्या शतकातील वाद याच प्रकारचा होय. प्रस्तुत लेखात त्या वादाचा मागोवा घेऊन रक्त मूलपेशींविषयीच्या आजच्या ज्ञानाच्या आधारे त्याचे मूल्यमापन केले आहे.

१८४५ चा वाद

इ.स. १८४५ मध्ये एडिंबरो येथे जॉन ह्यूजेस बेनेट यांनी प्लीहा व यकृत वाढून मृत्यू पावलेल्या एका रुग्णाचे शवविच्छेदन केले. रक्तात त्यांना पुवासारख्या असंख्य पेशी आढळल्या व त्यांनी ‘रक्तात पू झाला’ असा निष्कर्ष काढला. पू म्हणजे दाहाची खूण. त्याच वर्षी बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो यांनी तसाच रुग्ण अभ्यासला. त्यांच्या मते तो पू नव्हता. रक्तातील तांबड्या व पांढऱ्या पेशींचे प्रमाणच बिघडले होते. १८४७ मध्ये त्यांनी या विकारास ‘ल्युकेमिया’ हे नाव दिले. पुढे फिर्खोंचे मत मान्य झाले आणि दाह व रक्तकर्करोग हे दोन निराळ्या शाखांचे विषय बनले.

मूळ पेशीचा शोध

विसाव्या शतकात अभ्यासाचा रोख पेशीच्या वंशावळीकडे वळला. १९६० मध्ये पीटर नॉवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना एका प्रकारच्या ल्युकेमियात नेहमीपेक्षा लहान गुणसूत्र आढळले. हे ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ ९ व २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून निर्माण होते, हे जॅनेट रॉली यांनी १९७३ मध्ये दाखविले. टोरांटो येथे जेम्स टिल व अर्नेस्ट मॅक्युलॉक यांनी १९६१ मध्ये किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरांत अस्थिमज्जा सोडली असता त्यांच्या प्लीहेत गाठी उगवल्या. प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढते, हे १९६३ मध्ये सिद्ध झाले. मूलपेशीत एकदा झालेला बदल तिच्या साऱ्या संततीत उतरतो, हे सूत्र येथे हाती आले.

दाहाचे पुनरागमन

२०१४ मध्ये हजारो व्यक्तींच्या रक्तातील जनुके तपासली असता, सत्तरीपुढील सुमारे १० टक्के निरोगी व्यक्तींत उत्परिवर्तित मूलपेशींची संतती आढळली. अशांना रक्तकर्करोगाचा धोका अधिक होता. तरी बहुतेकांना तो कधीच होत नाही. मात्र त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाणही वाढलेले होते. याचा एक उलगडा २०१७ मध्ये झाला. टेट२ जनुक निकामी असलेल्या मज्जापेशी उंदरांत रोपल्या असता त्यांपासून बनलेल्या भक्षकपेशी दाहकारक द्रव्ये अधिक स्रवू लागल्या व धमन्यांतील थर वाढला.

२०२० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ‘वेक्सास’ या विकाराचे वर्णन केले. पहिल्या अहवालातील पंचवीसही रुग्ण पुरुष होते. त्यांना प्रौढ वयात ज्वर, कान-नाकाच्या कूर्चेचा, त्वचेचा व फुफ्फुसांचा दाह झाला होता. कित्येकांच्या अस्थिमज्जेतही बिघाड होता. कारण एकच : मूलपेशीतील यूबीए१ या जनुकाचे उत्परिवर्तन. हे जनुक क्ष गुणसूत्रावर असते व पुरुषात ते गुणसूत्र एकच असल्याने हा विकार प्रामुख्याने पुरुषांत दिसतो. हे उत्परिवर्तन जन्मजात नसून आयुष्यात पुढे घडते.

निष्कर्ष

रक्तातील त्या पेशी म्हणजे पू नव्हे, हे फिर्खोंचे निरीक्षण आजही अबाधित आहे. परंतु त्यावरून दाह व रक्तविकार यांत जी भिंत उभी राहिली, ती निसर्गात नव्हती. एकाच मूलपेशीतील दोष एकीकडे कर्करोगाकडे, दुसरीकडे दाहाकडे नेऊ शकतो. या भिंतीची किंमत रुग्णांनी मोजली : वेक्सासच्या रुग्णांवर कूर्चा, त्वचा वा रक्तवाहिन्यांच्या निरनिराळ्या रोगांची नावे लागली आणि मूळ कारण अज्ञात राहिले. ज्ञानशाखांची विभागणी अध्यापनाच्या सोयीसाठी असते. ती वस्तुस्थितीची विभागणी मानू नये, हाच या इतिहासाचा अध्यापकांना बोध आहे.