ताडीच्या पेल्यात गोळी कोणी टाकली?

ताडी पिऊन माणूस मेला की बातमी दोन ओळींची येते आणि तिच्याखाली प्रतिक्रिया ठरलेली असते : पितातच कशाला? वस्तीतल्या बैठकांत आम्हीही हेच विचारत आलो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तिच्याबद्दल आमचा वाद नाही. पण मेलेल्याच्या पेल्यात दारूशिवाय आणखी काय होते, ते कोणी टाकले, हे विचारायचे आमच्याकडून राहून गेले.

ताडाचा ताजा रस गोड असतो. काही तासांत तो आपोआप आंबतो आणि त्याची ताडी होते, साधारण बिअरइतकीच सौम्य. ती फार दिवस टिकत नाही, झाड देईल तेवढीच मिळते. इंग्रजांनी 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी आणि दारूचा व्यवहार परवान्याखाली, कराखाली आवळला. निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्यातही, अबकारीचे मक्ते दिले जात आणि तिजोरी त्यावर भरे. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेत होते तेव्हा, 1880 मध्ये, त्यांनी दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठवला होता. गरिबाची नशा हे सरकारचे उत्पन्न झाले होते, आणि गोरे गेले तरी ते उत्पन्न कोणी सोडले नाही.

पुढे झाडे कमी पडू लागली, गिऱ्हाईक मात्र वाढले. मग पाण्यात सॅकरिन घालून गोडी आणायची आणि नशेसाठी क्लोरल हायड्रेट टाकायचे, असा धंदा सुरू झाला. हे झोपेचे औषध 1869 मध्ये जर्मनीत वापरात आले. शिकागोत 1903 च्या सुमारास मिकी फिन नावाचा गुत्तेवाला गिऱ्हाइकाच्या दारूत गुंगीचे औषध घालून त्याला लुटत असल्याचे उघड झाले. तिथे शुद्ध हरपलेला माणूस एकदा लुटला जाई. आपल्याकडे तोच माणूस दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी परत येतो, कारण साध्या ताडीने आता त्याचे भागत नाही.

क्लोरलनंतर डायझेपाम आले, मग अल्प्राझोलाम. हिशेब पाहा : अल्प्राझोलामची लहान गोळी पाव मिलिग्रॅमची असते. म्हणजे 1 किलो पावडरीत अशा 40 लाख गोळ्या मावतात. एका पिशवीतून किती दुकाने चालतील!

दारू आणि ही औषधे मेंदूवर एकाच दिशेने काम करतात. दोन्ही त्याला मंदावतात, श्वास चालवणाऱ्या भागालाही. नुसत्या गोळीने सहसा वाचणारा माणूस दारूवर घेतलेल्या त्याच गोळीने झोपेत जाऊ शकतो. श्वास संथ होतो, उलटी झाली तर ती श्वासनलिकेत अडकते. घरचे म्हणतात, झोपू दे, सकाळी उतरेल. घोरण्याचा विचित्र आवाज येत असेल, हलवूनही माणूस जागा होत नसेल, तर त्याला कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. पोलीस येतील, बदनामी होईल, म्हणून थांबू नका.

उलट बाजूही तितकीच भयंकर आहे. 2015 मध्ये तेलंगणात भेसळीच्या ताडीवर एकदम कारवाई झाली. निजामाबाद, महबूबनगर भागांत शेकडो माणसे झटके, भास, थरथर घेऊन सरकारी दवाखान्यांत आली. ज्यांना आपण ताडी पितो एवढेच माहीत होते, ते वर्षानुवर्षे अल्प्राझोलामचे रुग्ण होते! अशी सवय डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच तोडावी लागते. दुकान बंद करणाऱ्यांनी आधी खाटांची सोय का केली नाही? 2025 च्या जुलैत हैदराबादच्या कुकटपल्लीत पुन्हा ताडी पिऊन माणसे मेली, पुन्हा अल्प्राझोलामच निघाले.

हे शेजारच्या राज्यातले म्हणून सोडून देता येत नाही. क्लोरल हायड्रेटची ताडी महाराष्ट्रातही वेळोवेळी पकडली जाते. मालेगावची 'कुत्ता गोळी' म्हणजे अल्प्राझोलामच, आणि आता आपली पोरे ती बिअरवर घेतात, कोणी न टाकता, स्वतःच्या हाताने. अल्प्राझोलाम 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली येते, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तरी पकडला जातो कोण? पोरगा, नाहीतर गुत्त्यावरचा नोकर. पावडर कोणत्या कारखान्यातून निघाली, कोणाच्या बिलावर गेली, हे आरोपपत्रात आहे का? पुढच्या वेळी मोर्चा घेऊन ठाण्यावर जाल तेव्हा आधी ते पान मागा.