आरोग्यविमा-सवलती, लहान व्यवसायांसाठीच्या (मंठा तालुका)

नोकर व त्यांच्या कुटुंबीयांच्या उपचारखर्चाचा विमा लहान मालकाने उतरवावा, यासाठी कायद्याने दिलेली करवजावट, वर्गणीतील सूट वा थकबाकीबाबतची सवलत. मंठा हा जालना जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी एक. कापूस, सोयाबीन व तुरीचा मुलूख. आडत, किराणा, कृषी सेवा केंद्र, गॅरेज, हॉटेल या धंद्यांत सहसा दोन-चार नोकर असतात. त्यामुळे नोकरसंख्येची अट असलेल्या बहुतेक सवलती या तालुक्याच्या वरूनच निघून जातात.

कामगार विमा : बी. पी. अदारकर यांनी 1944 मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. त्यातून कर्मचारी राज्य विमा अधिनियम, 1948 आला. 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. अधिनियमाने ‘हंगामी कारखाना’ मुळातच वगळला. त्याच्या व्याख्येत पहिलेच नाव आहे कापसाच्या जिनिंगचे. पाठोपाठ गाठी बांधणे, भुईमूग फोडणे, साखर व गूळ. कापूसपट्ट्यातला गावोगावचा कारखाना जिनिंगचाच. सरकीच्या धुळीत राबणारा मजूर विम्याबाहेर राहिला तो मालकाच्या चुकारपणामुळे नव्हे, कायद्याच्या शब्दांमुळे. मराठवाड्यापुरती या कायद्यातली ही सर्वांत महत्त्वाची तरतूद होय.

बिगरहंगामी कारखान्यांना 10 कामगारांची अट होती. दुकानांना महाराष्ट्रात दीर्घकाळ 20 ची. वेतनमर्यादा 2017 पासून दरमहा 21,000 रुपये. योजना नव्याने लागू होणाऱ्या भागांत 6 ऑक्टोबर 2016 पासून पहिले 24 महिने मालकाला 3 व कामगाराला 1 टक्का असा कमी दर ठेवला गेला. पुढे 1 जुलै 2019 रोजी सर्वत्रच दर उतरले : मालकाचा 4.75 वरून 3.25, कामगाराचा 1.75 वरून 0.75 टक्के. 1 जुलै 2025 पासून काही महिने मागील थकबाकी व तपासणीची धास्ती न बाळगता नोंदणीची मुभा देण्यात आली.

कर : नोकरांच्या आरोग्यविम्याचा हप्ता रोखीने न भरल्यास तो धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळतो (मूळ तरतूद : आयकर अधिनियम 1961, कलम 36). वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरून उठला. मालक घेतो त्या समूह पॉलिसीवर 18 टक्के कायम राहिला.

दिव्यांग कर्मचारी : त्यांच्यासाठी कामगार विम्यातील मालकाच्या वाट्याची वर्गणी ठरावीक वर्षे केंद्र सरकार भरते.

जन आरोग्य योजना : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जालन्यासह 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेचे शेतकरीही आधीपासून होते. 2024 पासून सर्व शिधापत्रिकाधारक आले. संरक्षण कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपये. नोकराकडे शिधापत्रिका असली की वेगळा विमा कशाला, असा विचार साहजिक आहे. तो अपुरा आहे. ही योजना रुग्णालयाचे बिल भरते, बुडालेली मजुरी नाही. कामगार विम्यात आजारपणात 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते.

सद्यःस्थिती : सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आली. दहापेक्षा कमी नोकर असलेला व्यवसायही आता मालक व बहुसंख्य नोकरांच्या संमतीने कामगार विम्यात येऊ शकतो. हंगामी कारखाने या संहितेतही वगळलेलेच आहेत.